इंग्रजी 'लो' शब्दाचा अर्थ अडला आहे – तातडीने मदत हवी आहे

पाऊलवाट: इंग्रजीतील 'लो' या शब्दाचा नेमका अर्थ आणि त्याचे मूळ कोणी सांगू शकेल का? 'खालचा' किंवा 'कमी' हा अर्थ मला ठाऊक आहे आणि तो येथे लागू पडत नाही. शब्दकोशात 'हंबरणे' असाही अर्थ मिळाला, परंतु त्यानेही काम भागत नाही. अनुवाद उद्या सकाळी द्यायचा आहे, तेव्हा शब्दकोश पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

उंबरठा: संपूर्ण वाक्य दिल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. क्रियापदापुरते सांगायचे तर ते जुन्या इंग्रजीतील 'ह्लोवान'पासून आले आहे. डच भाषेतील 'लूयन' हे त्याचेच भावंड, आणि लॅटिनमधील 'क्लामारे', म्हणजे मोठ्याने पुकारणे, हेही त्याच कुळातले. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, गाडीतून नेणाऱ्या दोन दुभत्या गायींचा प्रसंग आहे. त्यांची वासरे घरी कोंडलेली असतात आणि त्या वाटभर हंबरत जातात. तेथे हेच क्रियापद योजले आहे. वाक्य कोणते आहे?

जुनी वही: इतक्या खोलात जाण्याची आवश्यकता नाही. गुरांचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, म्हणून त्याला 'लो' म्हणू लागले. दोन्ही शब्द एकच आहेत, असे मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे.

उंबरठा: हे मान्य करता येणार नाही. 'खालचा' या अर्थाचे विशेषण स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या 'लाग्र' या शब्दावरून इंग्रजीत रुळले, तर 'ह्लोवान' हा इंग्रजीचा स्वतःचा शब्द आहे. त्याच्या आरंभीचा 'ह' पुढे गळून पडला, म्हणून आज दोन्ही शब्द सारखे दिसतात.

गोठा: आमच्या घरी गुरे आहेत, म्हणून लिहितो. वासरू जवळ असले की गाय तोंड जवळजवळ मिटून घशातल्या घशात, अगदी खालच्या स्वरात आवाज काढते. तेच वासरू दृष्टीआड झाले की मान ताणून, तोंड उघडून चढ्या स्वरात हंबरते. मग बायबलमधल्या त्या गायी खालच्या पट्टीत हंबरल्या असतील, हे मला पटत नाही. आणखी एक सांगतो: गाय हंबरते, म्हैस रेकते आणि बैल डुरकतो, अनुवादात यांची गल्लत होऊ नये.

जुनी वही: एका गोठ्यावरून भाषेचा इतिहास ठरत नाही.

चौकट: माझ्या मते 'लो' टाळून सरळ 'मू' वापरावे. सोळाव्या शतकापासून तो शब्द इंग्रजीत आहे आणि आज मुलांनाही तोच कळतो.

पाऊलवाट: मला मराठीत अनुवाद करायचा आहे, इंग्रजीत नाही. वाक्य असे आहे: 'आम्ही लोवर चढून गेलो, तेव्हा खालच्या कुरणातून गुरांचा लो ऐकू येत होता.' हंबरण्यावर कोणी कसे चढेल? मजकूर इंग्लंडमधील डर्बीशायरच्या भटकंतीविषयी आहे.

उंबरठा: डर्बीशायरचा उल्लेख प्रथमच आला असता तर एवढी चर्चा लांबली नसती. त्या भागात 'लो' म्हणजे टेकडी, आणि पुष्कळदा तिच्या माथ्यावरचा प्राचीन दफनाचा उंचवटा. हा तिसराच शब्द असून तो जुन्या इंग्रजीतील 'ह्लाव'वरून आला आहे. तेथील आर्बर लो या नवाश्मयुगीन स्थळी मातीचा गोल बांध, आत खंदक आणि मधोमध आडवे पडलेले चुनखडीचे पाषाण आहेत. पुढील काळात त्या बांधावरच एक दफनाचा ढिगारा रचला गेला. टेम्सकाठच्या टॅपलो गावाच्या नावातही हाच शब्द आहे. तेथील ढिगारा 1883मध्ये उकरला, तेव्हा एका अँग्लो-सॅक्सन सरदाराची सोन्याची बक्कल आणि मद्यपानाची शिंगे सापडली. स्कॉटलंडमध्ये हाच शब्द 'लॉ' असा उरला आहे.

जुनी वही: टेकडीविषयी माझे काही म्हणणे नव्हते. गुरांविषयीचे मत मी बदललेले नाही.

पाऊलवाट: म्हणजे पहिला 'लो' टेकडी आणि दुसरा हंबरणे. मग 'आम्ही टेकडीवर चढून गेलो, तेव्हा खालच्या कुरणातून गुरांचे हंबरणे ऐकू येत होते' असे लिहितो. पुढच्याच परिच्छेदात आर्बर लोचे नाव आहे. तेथेही 'टेकडी' लिहावे का?

उंबरठा: नको. ते विशेषनाम आहे, ते तसेच ठेवावे आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी 'लो म्हणजे दफनाचा उंचवटा' एवढे त्याच वाक्यात गुंफावे.