बेसेरम्यान लोक मूळचे कोण? भाषा उदमुर्त, पण पेहराव चुवाशांसारखा

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. व्होल्गा खोऱ्यातील समाजांविषयी वाचताना बेसेरम्यान हा छोटा समाज समोर आला. रशियातील उदमुर्तिया प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात, चेप्त्सा नदीच्या परिसरात राहणारे हे लोक उरालिक कुळातील (ज्यात फिनिश, हंगेरियन येतात) उदमुर्त भाषेचीच एक बोली बोलतात. तरीही काही अभ्यासक त्यांना मध्ययुगात व्होल्गाकाठी राज्य असलेल्या तुर्की भाषिक व्होल्गा बल्गारांचे वंशज म्हणतात, तर काही जण ते मूळचे उदमुर्तच असल्याचे मानतात. भाषा उरालिक असूनही हा वाद मिटत का नाही?

अजिंक्यतारा (सातारा):
पुरावे एकाच दिशेला जात नाहीत, म्हणून मिटत नाही. हे लोक उत्तरेत राहत असले, तरी त्यांच्या बोलीत दक्षिणी उदमुर्ताशी जुळणाऱ्या बऱ्याच गोष्टी आढळतात, आणि दक्षिण म्हणजे बल्गारांच्या शेजारचा भाग. विवाहित स्त्रियांचे काश्पू हे चांदीची नाणी ओळीने शिवलेले शिरोभूषण तर व्होल्गा खोऱ्यातीलच तुर्की भाषिक चुवाश समाजाच्या स्त्रियांच्या खुश्पूचे सख्खे भावंड वाटावे असे आहे. बल्गारांची भाषा ज्या शाखेतील मानली जाते, त्या शाखेची चुवाश ही आज उरलेली एकमेव भाषा असल्याने या साम्याला मी बरेच वजन देतो. त्यांचे नाव मुसलमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या तुर्की शब्दावरून आले असावे आणि बल्गारांनी ९२२ च्या सुमारास इस्लाम स्वीकारला, हेही पुढे केले जाते. पण हा समाज आज ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे आणि शेजाऱ्यांनी दिलेले नाव वंशाचा दाखला ठरू शकत नाही.

जतकर:
आमच्या जत तालुक्यात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची नातवंडे उद्या घरातही मराठीच बोलू लागली, तर त्यांचे पूर्वज बदलणार नाहीत. बल्गारांच्या काही गटांनी उदमुर्त भाषा उचलली असेल, तसेच मूळच्या उदमुर्तांनी बल्गारांच्या सहवासात त्यांचा पेहराव घेतला असेल. दोन्ही घटनांच्या खुणा आज जवळपास सारख्याच दिसतील.

कृष्णाकाठ (सांगली):
हे पटले. मग त्यांना स्वतंत्र समाज मानण्यासाठी आधी मूळ सिद्ध व्हावे लागते का?

अजिंक्यतारा (सातारा):
मुळीच नाही, आणि तशी अट घालणे अन्यायाचे आहे. १९२६ च्या जनगणनेत ते सुमारे १०,००० होते. त्यानंतर अनेक दशके त्यांची गणना उदमुर्तांमध्येच होत राहिली. २००० साली रशियाच्या अल्पसंख्य मूलनिवासी समाजांच्या यादीत त्यांचा समावेश झाला, तेव्हाही मुळाचा वाद सुटलेला नव्हता. २००२ मध्ये ३,१२२ आणि २०१० मध्ये २,२०१ जणांनी स्वतःची नोंद बेसेरम्यान अशी केली. आपण अभ्यास करणार असाल, तर नात्यांच्या शब्दांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन; भाषाशास्त्रज्ञ तेप्ल्याशिना यांचा या बोलीवरील १९७० चा ग्रंथ त्यासाठी उपयोगी पडेल.