गरब्याच्या सरावानं पोटरी आखडते : गाठ किती दाबायची, कुठं दाबायची?

मांजलपूरकर
नवरात्राला जेमतेम महिना राहिलाय. आमच्या गटाचा सराव आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास, फरशीवर आणि अनवाणी असतो. सरावानंतरचं ताणणं आणि लागेल तिथं मालिश ही कामं माझ्याकडे आहेत. गटातल्या एका ३४ वर्षांच्या ताईंची उजवी पोटरी तीन आठवडे आखडलेली आहे. पोटरीच्या आतल्या अंगाला, मध्याच्या थोडं खाली, वाटाण्याएवढी गाठ बोटाला लागते. दाबली की कळ थेट टाचेत उतरते. तिळाचं तेल लावून अंगठ्यानं दोन-दोन मिनिटं जोरात दाबते. पाय लगेच हलका होतो, पण दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पुन्हा तेच. परवा जोर वाढवला तर तिथं काळंनिळं पडलं. गाठ फुटेपर्यंत दाबायची असते असं सगळे सांगतात. माझा जोर कमी पडतोय की जागा चुकतेय? हिंच (गरब्यातला उसळत्या पावलांचा प्रकार) घेताना त्यांना जास्त दुखतं, एवढं आणखी सांगते.

फिजिओ_रावपुरा
ताई, जोर कमी नाही, जास्त होतोय. आणि जागेपेक्षाही थर चुकतोय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

पोटरीत एकावर एक दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस, तो गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली सोलियस, चपटा आणि रुंद, तो गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडांपासून निघतो. पुढे दोघांची मिळून एकच कंडरा (टेंडन) टाचेला जाते, तिला आपण अकिलीस म्हणतो. गुडघा सरळ असला की वरचा ताणला जातो. गुडघा वाकवला की वरचा ढिला पडतो आणि ताण आतल्या सोलियसवर येतो. जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९२ साली कळ कुठून कुठं जाते याचे जे नकाशे छापले, त्यांत वरच्या स्नायूच्या आतल्या बाजूची कळ तळपायाच्या कमानीकडे जाते आणि सोलियसची टाचेकडे. तुमच्या ताईंची कळ टाचेत जाते. हिंचमध्ये गुडघे कायम थोडे वाकलेले आणि चवडा सतत उसळता, म्हणजे राबतो तो सोलियसच. सरळ पायावर, वरून अंगठा रोवून तुम्ही दाबताय ते वरच्या ताणलेल्या स्नायूला. सोलियसपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं, आणि पोचवायला जावं तर मधला थर ठेचला जातो. काळंनिळं त्यामुळेच पडलं.

दाबण्याआधी मोजा. भिंतीसमोर अनवाणी उभं करा, अंगठा भिंतीपासून काही अंतरावर, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायला सांगा. टाच न उचलता गुडघा टेकतो असं जास्तीत जास्त अंतर किती, ते पट्टीनं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, दोन्ही पायांचं. साधारण १० सेंमी चांगलं. दोन पायांत दीड-दोन सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर आखडलेपणा खरा आहे. मग भिंतीला हात लावून मागचा पाय एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून ताणा आणि विचारा, कुठल्या ताणात ओळखीचं दुखणं येतं? हे लिहा, मग पुढचं सांगतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. नडगीच्या आतल्या कडेवर, थेट हाडावर, बोट फिरवा. हाताच्या बोटाच्या टोकाएवढ्याच जागी हाडावर टोचल्यासारखं दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मालिश बंद, उड्या बंद, आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. फरशीवर अनवाणी सराव एकदम वाढवला की हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो सोलियसच्या कडेलाच असतो. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत तो दिसतही नाही. कडेवर पाच-सहा सेंमी लांबीत हलकं दुखत असेल तर ते वेगळं, पण त्यातही हाडावर दाबायचं नाही.

सेवासदन
वरचं बरोबर आहे. पोटरीबाबत आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते, कारण ती चुकली तर जिवावर बेतते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली की सुरुवातीला माणूस "पोटरी आखडली, जरा दाबून द्या" असंच म्हणतो. तिथं मालिश केलं तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. दुखऱ्या बाजूचा घेर दुसऱ्या बाजूपेक्षा ३ सेंमीहून जास्त असेल, पाय गरम, लालसर किंवा चकचकीत असेल, बोटानं दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर हात लावू नका. गेल्या महिन्याभरात मोठं ऑपरेशन, बाळंतपण, पायाला प्लॅस्टर, लांबचा प्रवास किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर शंका आणखी वाढते. अशा वेळी घरी काही न करता त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी. बरोबर धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी, सयाजी रुग्णालय किंवा जे जवळ असेल ते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची छोटी ॲस्पिरिन असली तरी विचारून घ्या. त्यांना साध्या दाबानं मोठा डाग पडतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी असू शकते, तेव्हा "किती दुखतंय" या प्रश्नाच्या उत्तरावर भिस्त ठेवता येत नाही.

तालीम_दांडियाबाजार
ताई, तुमच्या हातांबद्दल लिहितो. अंगठ्याच्या टोकानं दोन-दोन मिनिटं, रोज, इतक्या जणींना, असं चाललं तर वर्षभरात अंगठ्याचं मूळ दुखायला लागेल. अंगठा नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं त्यावर वजन द्यायचं. अंगठा वाकलेला नको, मनगटाच्या रेषेत हवा. जोर दंडातून काढायचा नाही, पाय मागे टाकून अंगाचं वजन पुढे द्यायचं. पसरट जागेला तळहाताची गादी किंवा वळलेल्या मुठीची पेरं पुरतात.

तेलाचंही तसंच. पूर्ण पोटरीला अर्धा चमचा पुरे. जास्त झालं की बोट घसरतं, मग पकड ठेवायला माणूस जोर वाढवतो आणि तिथंच डाग पडतात. तेल लावून चोळायचं असेल तेव्हा घोट्याकडून गुडघ्याकडे, सावकाश. एक वीत चढायला १५-२० सेकंद लागली पाहिजेत. एखादी जागा धरून ठेवायची असेल तर आधी नॅपकिननं तेल पुसून काढा. कोरड्या कातडीवर निम्म्या जोरात काम होतं.

लाटणं अनेक घरांत फिरवतात. वाईट नाही, पण लाकूड कडक आहे, नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळग्यात चुकूनही जाऊ देऊ नका. त्या खळग्यात मोठी रक्तवाहिनी आणि नस (मज्जातंतू) आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, गोल हाडाचं डोकं लागतं. त्याच्या मानेवरून कातडीच्या अगदी खालून एक नस जाते. तिथं लाटणं, कोपर, काहीही रोवलं की पाऊल वर उचलेनासं होऊ शकतं.

आपल्या वडोदऱ्यात मालिशची परंपरा मोठी आहे. १८८० सालचं जुम्मादादा व्यायाम मंदिर, हाडं बसवण्यात नाव कमावलेले प्रो. माणिकराव, हे सगळं इथलंच. पण पैलवानाच्या अंगाला जोर-बैठकांच्या आधी आणि नंतर होणारं रगडणं वेगळं आणि दुखऱ्या जागेचा इलाज वेगळा. पैलवानाच्या मालिशचा जोर तीन आठवडे दुखणाऱ्या पोटरीवर आणू नये.

मांजलपूरकर
सगळं तपासलं. दोन्ही पोटऱ्यांचा घेर सारखा, सूज नाही, गरम नाही, कुठली गोळी चालू नाही. नडगीच्या हाडावर दुखत नाही. भिंतीचं माप: डावा ९.५, उजवा ६. गुडघा सरळ ठेवून ताणलं तर दोन्ही पाय सारखेच. गुडघा वाकवून ताणलं की उजवीकडे खोलात ओळखीचं दुखणं येतं. म्हणजे सोलियसच ना? आता नक्की कसं दाबू? आणि आधीच्या दाबण्यानं निघालं नाही, तर आत साचलेलं लॅक्टिक ॲसिड कसं काढायचं?

फिजिओ_रावपुरा
होय, सोलियसच. आणि लॅक्टिक ॲसिडचं आधी मनातून काढा. व्यायाम थांबला की ते तासाभरात रक्तातून निघून जातं; तीन आठवडे साचून राहणारं ते काही नाही. गाठही फुटत नाही, ती फुटण्यासारखी वस्तूच नाही. स्नायूच्या तंतूंचा एक पट्टा आखडून राहिलेला असतो, त्यातली एक जागा हुळहुळी. नीट दाब दिला की मज्जासंस्था तिथला पहारा थोडा सैल करते, म्हणून पाय हलका वाटतो. पण स्नायूवर रोजचा भार तोच, ताकद तीच, म्हणून सकाळी पुन्हा आखडतो.

ताईंना पालथं झोपवा. उजवा गुडघा ९० अंशांत वाकवा, पाऊल तुमच्या खांद्यावर टेकवा. वरचा स्नायू आता पिठाच्या गोळ्यासारखा लोंबेल. तो आतल्या कडेकडून बोटांनी बाजूला सारा. नडगीच्या आतल्या कडेच्या मागे एक बोटभर जागा सोडून चार बोटांची पेरं आत शिरू द्या, पोटरीच्या मधोमध दिशेनं. हाडाला टेकलात तर मागे सरका. घाई नको, शेवटी स्नायू बोटांना जागा देतो. ओळखीची टाचेतली कळ आली की थांबा, आणखी आत जाऊ नका.

शून्य ते दहामध्ये दुखणं किती हे विचारा. पाच-सहा ठेवा, त्याच्या वर नको. धरून राहा, चोळू नका. तीस सेकंदांत आकडा उतरायला लागला पाहिजे. दोन-तीनवर आला की सोडा, जास्तीत जास्त ९० सेकंद. तीस सेकंदांनी आकडा तसाच असेल तर दाब निम्मा करा. श्वास रोखला, बोटं आवळली, पाऊल ओढून घेतलं, म्हणजे दाब जास्त आहे, तोंडानं "चालेल" म्हणाल्या तरी. मग दाब हलका ठेवून त्यांना पाऊल हळूहळू नडगीकडे ओढायला आणि सोडायला सांगा, सहा ते आठ वेळा. बोट स्थिर आणि स्नायू खालून सरकतो, यात नुसत्या दाबण्यापेक्षा हालचाल जास्त मोकळी होते. अशा दोन-तीन जागा पुरेत, एकूण दहा मिनिटं. पुढची वेळ ४८ तासांनी. काळंनिळं जिरेपर्यंत त्या डागावर बोट ठेवू नका.

लगेच भिंतीचं माप पुन्हा घ्या. एक सेंमीनंही वाढलं तर जागा बरोबर. दोन वेळा करून काही फरक नसेल तर दाबत बसू नका, कारण कुठंतरी दुसरीकडे आहे: घोट्याचा सांधा पुढून अडकत असेल, किंवा कमरेतून निघणारी नस दुखत असेल. खोकल्यावर कळ पायात येते का, एका पायावर टाच उचलण्याची ताकद कमी झालीय का, हे तेव्हा विचारा.

आता खरं काम. हालचाल मोकळी झालेली साधारण पंधरा-वीस मिनिटं राहते, तेवढ्यात तिच्यावर भार द्या. खुर्चीत बसून, गुडघा वाकलेला, मांडीवर पाण्याचे दोन-दोन लिटरचे दोन कॅन, टाच तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या. एक दिवस आड. आठवड्याभरानं उभं राहून, गुडघे जरा वाकवून, दोन पायांवर. मग एका पायावर. एका पायावर सलग वीस झाल्या की समजा गरब्याला पाय तयार. हे करताना दुखणं तीन-चारपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर कॅन एकच.

तालीम_दांडियाबाजार
सराव पूर्ण थांबवायची गरज नाही, पण पाचाचे तीन दिवस करा आणि लागोपाठ दोन दिवस नको. हिंच आणि उसळत्या पावलांचा वेळ पहिला आठवडा निम्मा. दोन ताली, तीन ताली हे टाळ्यांचे गरबे चालू ठेवा. फरशीवर योगा मॅट सरकते, तिच्यापेक्षा सतरंजीखाली रबरी मॅट घाला. दिवसभर उंच टाचेची चप्पल आणि संध्याकाळी एकदम अनवाणी, यानं सोलियस सगळ्यात जास्त ओढला जातो. सरावाच्या दिवशी सपाट चप्पल घालायला सांगा. आणखी एक: गोल एकाच दिशेनं फिरतो, त्यामुळे दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही. सरावात तरी अर्धा वेळ उलट दिशेनं फिरवून घ्या.

सेवासदन
गरबा चालू असताना अचानक मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, "टक्" आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर तिथं कुणीही मालिशला बसू नका. पालथं झोपवून, पाऊल काठाबाहेर ठेवून, पोटरी हातानं दाबा. पाऊल खाली झुकलं तर अकिलीस शाबूत आहे, फाटलेला बहुधा स्नायू असतो: बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच, पहिले तीन दिवस चोळणं आणि शेकणं नाही. पाऊल हललंच नाही तर अकिलीस तुटलेली असण्याची शक्यता मोठी. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीतच बांधा आणि त्याच रात्री दवाखान्यात न्या. नुसता गोळा आला असेल तर गुडघा सरळ करून चवडा सावकाश नडगीकडे ओढून धरा, अर्ध्या-एका मिनिटात सुटतो.

मांजलपूरकर
आज पालथं झोपवून, गुडघा वाकवून केलं. पहिल्यांदा बोटं हाडाला लागली, जरा मागे सरकल्यावर तीच टाचेतली कळ आली. सहावरून तीनवर यायला ४० सेकंद. माप ६ चं ७.२. लगेच कॅन घेऊन तीन फेऱ्या करून घेतल्या, शेवटच्या फेरीत उजवा पाय थरथरत होता, डावा नाही. उद्या सकाळी पलंगावरून उतरताना किती दुखतं ते विचारून परवाचा भार ठरवते.