वाचवलेला प्राणी नेमका कधी वाचला म्हणायचा?

निरीक्षक (धागालेखक):
जखमी आणि अनाथ वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला आदर आहे, कारण मी स्वतः काही वर्षे हे काम केले आहे. तरीही प्रशिक्षण नसलेल्या माणसाने ते हाती घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. 'अनाथ' म्हणून उचलून आणलेली कितीतरी पिल्ले मुळात अनाथ नसतात. रानसशाची मादी दिवसभर पिल्लांकडे फिरकत नाही. सांज झाल्यावर साधारण एकदा येते, काही मिनिटे पाजते आणि निघून जाते, जेणेकरून तिच्या वावराने शिकारी प्राण्याला पिल्लांचा माग लागू नये. हरिणीही पाडसाला गवतात दडवून दूर चरत असते. अंगभर पिसे आलेली, आखूड शेपटीची पक्ष्याची पिल्ले जमिनीवर दिसतात, तेव्हा ती बहुधा उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळपासच असतात.

पहिल्याच वर्षी मी खारीच्या गारठलेल्या पिल्लाला गाईचे दूध पाजले. आधी ऊब द्यावी, अंग तापल्यावरच काही पाजावे आणि तेही गाईचे दूध नव्हे, हे मला ठाऊक नव्हते. हगवण लागून ते दोन दिवसांत गेले आणि त्याच्या मरणाला मीच कारण झालो. आमच्या गटाने वर्षअखेरीस मोजले ते फक्त सोडून दिलेले प्राणी. सोडल्यावर ते जगले का, हे कोणी विचारले नाही. ते न विचारता आपण 'वाचवले' हा शब्द वापरावा का?

शेवरी:
तुमचे दुःख मी समजू शकते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. अज्ञानावर उपाय शिक्षणाचा असतो, माघारीचा नव्हे. जून 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ट्रेझर' हे मालवाहू जहाज बुडाले आणि रॉबेन व डासेन या बेटांभोवती तेल पसरले. सुमारे 19,000 आफ्रिकी पेंग्विन तेलाने माखले होते. तेवढ्याच आणखी पेंग्विनांना तेल लागण्याआधीच पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडण्यात आले, म्हणजे ते पोहत घरी परतेपर्यंत किनारा स्वच्छ करायला अवधी मिळावा. हजारो स्वयंसेवकांनी एकेक पक्षी धुतला आणि हाताने मासे भरवले. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी पेंग्विनला हातही लावलेला नव्हता. तेलाने माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी पुन्हा समुद्रात गेले आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे पिल्लेही वाढवली. तिथे फक्त प्रशिक्षितांनाच प्रवेश दिला असता, तर यातले बहुतेक पक्षी मेले असते. शिवाय ते तेल माणसाचे होते. आपण केलेली जखम निसर्गावर सोपवून बाजूला होणे मला पटत नाही.

पाणथळ:
याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगणे आवश्यक आहे. 2024 मध्ये हाच आफ्रिकी पेंग्विन 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आला आणि आता त्याच्या विणीच्या जोड्या दहा हजारांहून कमी उरल्या आहेत. त्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण म्हणजे घरट्यांच्या आसपासच्या समुद्रात सार्डिन आणि अँचोव्ही हे मासेच पुरेसे उरले नाहीत. धुतलेला पक्षी उपाशी समुद्रात परत गेला, तर त्या धुण्याचा उपयोग किती काळ टिकणार? माणसांचा वेळ आणि पैसा मर्यादित असतो. हातातल्या पिल्लासाठी दान लगेच मिळते, पण मासेमारीवर निर्बंध यावेत म्हणून वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांना ते मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शेवरी:
जोड्या इतक्या कमी उरल्या असताना प्रत्येक पक्ष्याचे मोल वाढते, असे मी म्हणेन. आईबापांनी टाकलेली पेंग्विनची पिल्ले तिथे हाताने वाढवून सोडली जातात, आणि दे हूप या तिथल्याच किनारी अभयारण्यात नवी वसाहत वसावी म्हणून अशाच पिल्लांना नेण्यात आले. मासेमारीवरील निर्बंधांसाठी भांडणारे आणि पक्षी धुणारे हे अनेकदा एकाच संस्थेतले लोक असतात. ज्याने तो पक्षी हातात धरला आहे, तोच पुढे माशांसाठी भांडायला उभा राहतो.

शल्यक:
मी पशुवैद्यक आहे आणि मला दोन्ही बाजूंत एक गोष्ट निसटलेली दिसते, ती म्हणजे वेळ. पक्ष्याचे हाड काही दिवसांतच जुळू लागते. मोडलेल्या पंखाचा पक्षी कोणी आठवडाभर घरी खोक्यात ठेवून मग आणला, तर हाड वाकडे जुळलेले असते आणि मला फारसे काही करता येत नाही. मांजराने धरलेल्या पक्ष्याच्या अंगावर जखम दिसली नाही तरी दातांतले जंतू आत गेलेले असू शकतात, म्हणून प्रतिजैविक त्याच दिवशी लागते. चोचीत पाणी ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी थेट फुप्फुसांत जाते. हरणासारखा प्राणी पकडताना फार झटापट झाली, तर त्याचे स्नायू आतून नासतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि सुटका करणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्यानंतर काही दिवसांनी तो मरतो. म्हणून सामान्य स्वयंसेवकाचे खरे काम अंधार, ऊब, शांतता आणि त्वरेने पोहोचवणे एवढेच आहे, आणि ते मुळीच दुय्यम नाही.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. पाकोळी जवळजवळ सारे आयुष्य उडत काढते; तिचा पंख कायमचा अधू झाला, तर तिला वेदनारहित मरण देणे हे मी उपचारातच धरतो.

सावली:
या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. मला एका पंखाचे घुबड सांभाळण्याचा अनुभव आहे. ते खात होते, आवाज देत होते आणि अनेक वर्षे जगले. उडता न येणारे आयुष्य जगण्याच्या लायकीचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शल्यक:
घुबड काही वेळा बंदिवासात रुळते, हे मला मान्य आहे; म्हणूनच मी पाकोळीचे नाव घेतले. निर्णय जातीगणिक आणि त्या एकेका प्राण्यागणिक करावा लागतो. आपले घुबड माणसाला पाहून आवाज देत असेल, तर ते आपल्याला स्वजातीय समजत होते का, हेही पाहायला हवे. लहानपणी माणसाचा ठसा मनावर बसलेला पक्षी पुढे जोडीदार म्हणूनही माणसाकडेच पाहतो. कॅलिफोर्नियात कोंडोर गिधाडांची पिल्ले हातात गिधाडाच्या डोक्याचे बाहुले घालून भरवली गेली, ती याच भीतीपोटी.

निरीक्षक:
'प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये' हे माझे विधान मी मागे घेतो. पेंग्विन धुणारे ते हात अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली होते, हा फरक मी केला नव्हता. सोडलेल्यांच्या आकड्याविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे. त्या पेंग्विनांनी पुढे पिल्ले वाढवली हे आपल्याला कळले, कारण त्यांच्यावर ओळखीच्या खुणा होत्या आणि कोणीतरी वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवली. आमच्या गटाच्या वहीत 'आणले' आणि 'सोडले' असे दोनच रकाने होते. ती जुनी वही मी आज काढली आहे. 'मेले' आणि 'पुन्हा दिसले' हे रकाने त्यात आखले असून, पहिल्या पानावर मेलेल्यांच्या रकान्यात खारीचे ते पिल्लू लिहिले आहे.