खानापूर–बेळगाव रोजची ये-जा, बजेट ३०,०००: हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यावा की नको?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला शिफ्टमध्ये असतो. जाता-येता कधी रेल्वे, कधी बस. गेमची आवड लहानपणापासूनची, पण आजवर सगळं मोबाइलवरच झालं. त्या गेमांचा आता वीट आलाय. दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि पुढं जायचं असेल तर पैसे भरा. मला चांगली गोष्ट असलेला, रीतसर संपणारा गेम निवांत खेळायचाय.

घरी टीव्ही एकच, आणि संध्याकाळी तो आईचा. त्यामुळं टीव्हीला जोडायचा मोठा कन्सोल नको. हातातलाच हवा. निन्टेन्डो स्विच ओएलईडी, स्टीम डेक आणि ते स्वस्तातले, जुन्या काळचे गेम चालवणारे चिनी रेट्रो कन्सोल अशी तीन नावं डोक्यात आहेत. अडचणी दोन. गावात फायबर नाही, मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा तेवढाच. आणि पावसाळ्यात लाइट एकदा गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. शनिवार-रविवार ११ वर्षांचा भाचा येतो, त्यालाही खेळता आलं तर बरं.

तीस हजार साठवलेत. मला ही रक्कम लहान नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

टिळकवाडीची:
तुमच्या दोन अडचणी वाचल्या आणि उत्तर तिथंच मिळालं. स्विच घ्या, आणि गेम कार्ट्रिजवरच घ्या.

कारण सांगते. हल्लीचे मोठे पीसी गेम ६०-१०० जीबीचे असतात. रोज २ जीबी म्हटलं तर एक गेम उतरायला महिना-दीड महिना, आणि तेवढ्यात फोनला नेट उरणार नाही. स्विचचं कार्ट्रिज नखाएवढं असतं, घातलं की गेम सुरू. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'सारखा अवाढव्य गेम १६ जीबीच्या कार्डात मावलाय. गावात रेंज नसली तरी काही अडत नाही. आणि खेळून झालं की कार्ड विकता येतं, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. डाउनलोड केलेला गेम कुणाला देता येत नाही. कार्ड तुम्ही घ्या, संपवा, विका, त्यात थोडे घालून पुढचं घ्या. माझ्याकडं असंच चालतं, कोल्हापूर-पुण्याची मंडळी कुरिअरनं अदलाबदल करतात.

ओएलईडीचा स्क्रीन ७ इंची, स्विच लाइटचा ५.५ इंची. लाइट स्वस्त आणि हलका आहे, पण तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. भाच्याबरोबर खेळायचं तर ओएलईडीच घ्या. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे बाजूचे सुटे कंट्रोलर, काढायचे, एक तुमच्या हातात, एक त्याच्या. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' दोघांत तसाच खेळता येतो, वेगळा कंट्रोलर विकत घ्यायला नको.

एक मात्र आधीच विचारून ठेवा. भाच्याला बीजीएमआय किंवा फ्री फायर हवं असेल तर ते स्विचवर नाही. तो हिरमुसला तर दोष कन्सोलचा नाही.

निपाणी_नाका:
ताईंचं म्हणणं बरोबर आहे, तरी स्टीम डेकच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. माझ्याकडं डेक आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गेमचे दर. डेकचे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्यायचे. तिथं दर रुपयात असतात, यूपीआयनं पैसे भरता येतात आणि सेल लागला की जुने उत्तम गेम दोन-तीनशे रुपयांत मिळतात. निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान भारतासाठी नाहीच. लोक खात्याला दुसरा देश लावतात आणि गिफ्ट कार्डं शोधत बसतात. त्यांच्या स्वतःच्या गेमांचे दर तर वर्षानुवर्षं खाली येत नाहीत. शिवाय स्टीमवर गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

दुसरं, नेटचं. डेकला गेम इंटरनेटवरूनच उतरवायला हवा असं नाही. २०२३ पासून स्टीममध्ये एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर घरच्या वायफायनं गेम पाठवायची सोय आहे. बेळगावात फायबर असलेल्या मित्राच्या पीसीवर तो गेम असेल आणि तुमच्या खात्यातही घेतलेला असेल, तर चहा होईपर्यंत डेकवर येतो. मग घरी ऑफलाइन मोडमध्ये खेळा.

आता उणी बाजू. वजन साधारण ६५० ग्रॅम, स्विच ओएलईडी जॉय-कॉनसकट त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. गर्दीच्या बसमध्ये उभ्यानं डेक धरणं मला जमत नाही. जड गेम लावला तर बॅटरी दोन-तीन तासांत संपते. पॉवर बँकही ४५ वॉटची पीडीवाली (जलद चार्जिंगची) लागते, साधी पुरत नाही. आणि भारतात तो अधिकृतपणे विकलाच जात नाही, सगळा माल बाहेरून येतो. नवा घ्यायचा म्हटलं तर तुमच्या तीस हजारांत बसणार नाही.

आसूसचा आरओजी अ‍ॅलाय हा हातातलाच कन्सोल भारतात बिल-वॉरंटीसह मिळतो, पण २०२३ मध्ये आला तेव्हाच त्याची किंमत ६९,९९० होती. त्यावर विंडोज चालतं, अपडेटसाठी नेट लागतच राहतं. तुमच्यासाठी नाही तो.

फौजीचा_भाऊ:
माझा थोरला भाऊ फौजेत आहे. पोस्टिंगवर नेट नसतं तिथं त्यानं स्विचवरच वेळ काढला, सगळं कार्ट्रिजवर. सुट्टीवर आला की घरातली पोरं त्याच्याभोवती. माझंही मत स्विचलाच.

मलप्रभाकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. कार्ट्रिज विकता येतं हे मला माहीतच नव्हतं.

एक शंका. नवीन स्विच २ आलाय म्हणतात. थोडं थांबून, आणखी पैसे जमवून तोच घ्यावा का? जुने गेम त्यावरही चालतात असं ऐकलंय. आणि प्लेस्टेशनचा पोर्टल म्हणून एक दिसला, त्याचं काय?

टिळकवाडीची:
पोर्टल लगेच बाद करा. तो मुळात घरी पीएस५ असणाऱ्यांसाठी आहे, वायफायवरून गेमचं चित्र दाखवतो. नेटशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

स्विच २ जून २०२५ मध्ये आला. मशीन म्हणून फार छान आहे, ७.९ इंची स्क्रीन, पहिल्या स्विचचे बहुतेक गेमही त्यावर चालतात. पण तुमच्यासारख्या नेट नसलेल्या माणसाला त्यात एक मोठी मेख आहे. त्याच्या बऱ्याच गेमांच्या डबीत जे कार्ड येतं त्यात गेमच नसतो, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं आणि अख्खा गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. डबीवर तसं छापलेलं असतं, पण दुकानात घाईत कोण वाचतं? मेमरी कार्डही नेहमीचं चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं आणि ते महाग पडतं. बॅटरीही गेमनुसार दोन ते साडेसहा तास, ओएलईडीची साडेचार ते नऊ.

पहिल्या स्विचच्याही काही डब्यांवर 'डाउनलोड आवश्यक' असा शेरा असतो, ते गेम टाळा. विकत घेण्याआधी प्रत्येक डबी नीट बघायची सवय लावून घ्या.

सुरुवातीला 'झेल्डा' एक आणि भाच्यासाठी 'मारिओ कार्ट' एक, एवढंच घ्या. 'स्टारड्यू व्हॅली' डाउनलोडचा असला तरी अगदी लहान आहे, तुमच्या एका दिवसाच्या डेटात उतरतो. शेती करायची, गुरं पाळायची, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या. बसमधल्या अर्ध्या तासाला त्याच्यासारखा गेम नाही. आणि जमलं तर 'राजी' खेळा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, आपल्या पुराणकथांच्या जगात घडणारा. २०२० मध्ये तो सगळ्यांत आधी स्विचवर आला होता. आपल्याकडच्या पोरांनी केलेलं काम म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सोल्डरवाला_शहापूर:
मी मोबाइल रिपेअरीत आहे, कन्सोलही उघडतो. दुरुस्तीच्या अंगानं थोडं सांगतो, कारण आपल्या भागात सर्व्हिस सेंटर नाही हे धरूनच चालायला पाहिजे.

स्विचच्या जॉय-कॉनची स्टिक झिजते आणि बोट न लावताही पात्र एका बाजूला सरकत राहतं. ही तक्रार जगभर झालेली आहे. आत कार्बनच्या पट्टीवर संपर्क घासत असतो, वापरून वापरून पट्टी झिजते, त्यात बारीक धूळ बसते. दुरुस्ती अवघड नाही. स्टिकचा सुटा भाग मिळतो, तीन पाकळ्यांचा स्क्रू उघडणारा स्क्रूड्रायव्हर असला आणि रिबन केबल तोडली नाही की काम होतं. हॉल इफेक्टची स्टिक बसवून घ्या. ती चुंबकावर चालते, घासण्याचा प्रश्नच नाही.

म्हणूनच स्विच लाइट घेऊ नका असं मीही म्हणेन. ओएलईडीचा जॉय-कॉन बाजूला काढून माझ्यासारख्याकडं देता येतो, कन्सोल घरी राहतो. लाइटमध्ये स्टिकसाठी अख्खं मशीन उघडावं लागतं.

खानापूरकडचा पाऊस मला ठाऊक आहे. चार महिने हवेत ओल. बॅगेत घट्ट बंद होणारी केस वापरा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिना-दोन महिन्यांनी बदला. भिजलेला कन्सोल चालू करून बघायचा नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायचा नाही. लाइट ये-जा करते तिथं थेट भिंतीतल्या सॉकेटपेक्षा पॉवर बँकवरून चार्ज करा. स्विचला त्यासाठी फार मोठी पॉवर बँक लागत नाही.

आणि ते रेट्रो कन्सोल. चार-पाच हजारांत 'दहा हजार गेम' म्हणून जे विकतात त्यांच्यातलं मेमरी कार्ड बहुतेक वेळा हलक्या दर्जाचं असतं, लवकर जातं. गेम तर सगळे चोरून भरलेले. ज्यांनी जीव ओतून गेम केले त्यांना एक पैसा मिळत नाही. मी गिऱ्हाइकाला ते घ्या म्हणत नाही.

काकू_अनगोळ:
बाळा, मी गेम खेळत नाही, पण माझ्या घरात दोन खेळणारे आहेत म्हणून लिहिते. तीस हजार साठवलेस हे कौतुकाचं आहे. मात्र सगळे एकाच दिवशी घालवू नकोस. कन्सोल, दोन गेम, केस, स्क्रीन गार्ड, मेमरी कार्ड असं धरून हिशेब कर आणि पाच हजार तरी हातात ठेव. हप्त्यावर तर घेऊच नकोस. घरात आजारपण किंवा लग्नकार्य निघालं की हप्ता फार टोचतो.

भाच्यासाठी निन्टेन्डोचं पालकांसाठीचं अ‍ॅप आहे, ते फोनवर घाल. किती वेळ खेळायचं ते ठरवता येतं, वेळ संपली की कन्सोलच सांगतो. आमच्याकडं त्यामुळं आरडाओरड थांबली, कारण नाही म्हणणारी मी नसते. त्याच्या आईला विचारून वेळ ठरव म्हणजे घरात कुरबुर नको.

रात्रपाळी करून आलास की आधी झोप. एवढं ऐक.

निपाणी_नाका:
काकूंशी सहमत. माझी आणखी एक सूचना. पैसे घालण्याआधी आठवडा-दोन आठवडे फोनवरच जाहिराती नसलेला, एकदाच पैसे देऊन घ्यायचा गेम खेळून बघा. 'स्टारड्यू' फोनवरही आहे. रेल्वेत, बसमध्ये, शिफ्टनंतर खरंच हात तिकडं जातो का ते कळेल. रोज तीन तास उभ्यानं प्रवास असेल आणि घरी आल्यावर डोळे मिटत असतील तर कोणताही कन्सोल कपाटात पडून राहतो. आणि हात जात असेल तर बिनधास्त घ्या. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला स्वतःची म्हणून एक आवडती गोष्ट असायलाच हवी. पैसे वाया गेले असं म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

मलप्रभाकाठ:
दादा, फोनवर 'स्टारड्यू' घेतला. खानापूर ते बेळगाव कधी आलं कळत नाही. तेव्हा घ्यायचं नक्की: स्विच ओएलईडी, कार्ट्रिजवर.

काकू, हिशेब केला. नवीन आयातीचा माल घेऊन, दोन गेम धरले की हातात पाच हजार उरत नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीत एकजण स्वतःचा वापरलेला ओएलईडी देतोय, दोन कार्ट्रिजसकट, आणि त्याचा आकडा माझ्या हिशेबात बसतो. रविवारी जाऊन बघणार आहे. काय काय तपासू?

सोल्डरवाला_शहापूर:
पैसे देण्याआधी हे सगळं त्याच्यासमोरच करा. सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या भागात स्टिक कॅलिब्रेशन आहे, तिथं दोन्ही स्टिक सोडून द्या. ठिपका मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. गोल फिरवून सोडा, परत मध्यावर आला पाहिजे. जॉय-कॉन काढून-बसवून बघा, रुळात ढिले नकोत. सुटे असतानाही बटणं चालतात का तेही बघा, नाहीतर भाच्याबरोबर खेळताना अडेल. कार्ट्रिज दोन-तीनदा घालून काढा, गेम दर वेळी उघडला पाहिजे. डॉक, म्हणजे टीव्हीला जोडायचा स्टँड, मागून घ्या आणि त्याच्या टीव्हीला लावून चित्र येतं का बघा, आज नको असला तरी पुढं लागेल. मागचे स्क्रू खरवडलेले असतील तर आधी कुणीतरी उघडलाय, तसं विचारा.

टिळकवाडीची:
आणि तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावून ऑनलाइन दुकान उघडतं का ते बघाच. छेडछाड करून चोरीचे गेम घातलेला कन्सोल असेल तर निन्टेन्डो त्याला ऑनलाइनमधून कायमचं बंद करतं, आणि ते नुसतं बघून कळत नाही. दुकान उघडलं, अपडेट तपासता आलं, मग ठीक. त्याचं खातं त्याच्याच हातानं काढून टाकायला सांगा आणि कन्सोल पूर्ण रीसेट करून घ्या.

घेतलात की इथं सांगा. माझ्याकडचा 'राजी' खेळायला देते, नंतरच्या एखाद्या रविवारी टिळकवाडीत येऊन घेऊन जा.