'इनडायरेक्ट कॉस्ट'ला 'वरकड खर्च' म्हणावं का?

मेतकूट: अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानावरून चाललेल्या भांडणावर लेख लिहितेय. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे हे अनुदान देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की विद्यापीठांना 'इनडायरेक्ट कॉस्ट' यापुढे सरसकट १५ टक्केच. याला 'वरकड खर्च' चालेल?

जुनाबाजार: हिशेबाच्या मराठीत चालतो. या वादात नको. जुन्या मराठीत 'वरकड' म्हणजे इतर, बाकीचे. आज मात्र तो जादाचा, टाळता येण्याजोगा असा ऐकू येतो, त्यात शेजारी 'वरकमाई' बसलेली. कपातवाल्यांचा आरोप नेमका तोच आहे. प्रत्यक्षात या खात्यात वीज, इमारत, प्राणिगृह, नीतिसमिती, हिशेबनीस असं सगळं येतं.

मेतकूट: पण काही विद्यापीठं ६० टक्क्यांच्या वर घेतात ना? अर्ध्याहून जास्त?

जुनाबाजार: इथेच बहुतेक जण फसतात. दर मूळ खर्चावर लागतो, एकूण अनुदानावर नाही. १०० डॉलरच्या कामावर ६०, म्हणजे १६० मधले ६०. साडेसदतीस टक्के झाले. महागडी यंत्रं त्या १०० मधून आधीच वगळतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

ओसरी: टीका अगदीच हवेतली नाही हं. स्टॅनफर्डने एका नौकेचा घसारा याच खात्यात सरकारच्या माथी मारला होता. ते उघड झाल्यावर १९९१ मध्ये प्रशासकीय भागाला २६ टक्क्यांची मर्यादा आली. पण हा मुद्दा नेहमीच पक्षाचा नव्हता. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने १० टक्क्यांचा प्रस्ताव आणला, तो रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसनेच, म्हणजे तिथल्या संसदेनेच, अडवला आणि हे दर ठरवायची पद्धत एनआयएचला बदलता येणार नाही असं कलम खर्चाच्या कायद्यात घातलं. बोस्टनच्या न्यायालयाने २०२५ ची कपात रोखली, त्यात हेच कलम कामी आलं.

जुनाबाजार: माझं मत 'सामाईक खर्च'. सोसायटीच्या जिन्यातला दिवा कुणा एकाच्या बिलात घालता येत नाही, तसं.

ओसरी: म्हणजे तुम्ही विद्यापीठांचे वकील झालात! 'अप्रत्यक्ष खर्च' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे त्यात काय मोडतं ते सांगा, आणि 'वरकड' टीकाकारांच्या तोंडी ठेवा.

मेतकूट: हे जमेल. आणि ते 'प्राणिगृह' की 'प्राणिशाळा'?

ओसरी: प्राणिगृहच. शाळा म्हटलं की उंदीर दप्तर घेऊन येतील.