वीजवाहिनीच्या संरक्षणासाठी बिनतारी दुवा: सरासरी विलंब पाहून निर्णय घ्यावा का?

विद्युत_जिज्ञासू (प्रश्न)

मध्यम दाबाच्या, सुमारे २० किलोमीटर लांबीच्या एका वाहिनीच्या संरक्षणाचा आराखडा मी तयार करत आहे. वाहिनीच्या दूरच्या टोकाला सौर प्रकल्प जोडला गेल्यापासून फॉल्टचा (शॉर्टसर्किटसारख्या बिघाडाचा) प्रवाह दोन्ही बाजूंनी येऊ लागला आहे आणि प्रवाह एकाच दिशेने वाहतो असे गृहीत धरून बसवलेल्या अतिप्रवाह रिलेंचा (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणांचा) आपसांतला मेळ त्यामुळे बिघडला आहे. दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करणारे डिफरन्शियल संरक्षण बसवावे, असा माझा विचार आहे. मात्र दोन टोकांमध्ये फायबर नाही, खासगी एलटीई (४जी मोबाइल) जाळे आहे. पिंगने (चाचणी संदेश पाठवून उत्तर येईपर्यंतचा वेळ) मोजले असता जाऊन-येऊन सरासरी २४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका दिशेला १२ मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या यंत्रणेत एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. विलंब त्याहून कमी असल्याने दुवा पुरेसा आहे, असे समजावे का?

रिले_कक्ष

आपण २४ ला दोनने भागलेत, नेमकी तिथेच मेख आहे.

वेळेचा मेळ दुव्यावरूनच बसवणारे डिफरन्शियल रिलेही हेच करतात. ते संदेश पाठवतात, उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजतात आणि त्याच्या निम्म्याला एकेरी विलंब मानतात. स्वतंत्र फायबर जोडीवर हे निर्धोक असते, कारण जाण्याचा आणि येण्याचा मार्ग सारखाच असतो. एलटीईमध्ये मात्र मोडेमला काही पाठवायचे झाले की आधी मोबाइल मनोऱ्याकडून परवानगी मिळवावी लागते, तर मनोऱ्याकडून मोडेमकडे जाणाऱ्या संदेशाला ती पायरी नसते. आपल्या उपकेंद्राचे टोक जाळ्याच्या गाभ्याला तारेने जोडलेले असेल आणि फक्त सौर प्रकल्पाचे टोक मोडेमवर असेल, तर ही विषमता कायमचीच राहील. दोन्ही टोकांना मोडेम असले, तर ती संकेताच्या गुणवत्तेनुसार क्षणोक्षणी बदलेल.

आता समजा, आपले २४ मिलिसेकंद प्रत्यक्षात १६ आणि ८ असे विभागलेले आहेत. रिले दोन्हीकडे १२ धरेल, म्हणजे त्याची ४ मिलिसेकंदांची चूक होईल, आणि ५० हर्ट्झला ४ मिलिसेकंद म्हणजे ७२ अंश. वाहिनी पूर्ण निरोगी असतानाही दोन टोकांच्या प्रवाहांत रिलेला भाराच्या सुमारे १.१८ पट फरक दिसेल. भार वाढला की निरोगी वाहिनी ट्रिप होईल (ब्रेकर उघडून बंद पडेल) आणि फॉल्ट शोधायला गेलेल्या माणसांना काहीही सापडणार नाही.

यावर उपाय आहे. दोन्ही टोकांना उपग्रहाधारित घड्याळ बसवून प्रवाहाच्या प्रत्येक नमुन्यावर (क्षणिक मोजमापावर) वेळेची नोंद करावी, म्हणजे विषमतेचा प्रश्न उरत नाही. पण मग संरक्षण त्या घड्याळावर अवलंबून राहते. उपग्रहाचा संकेत तुटला किंवा कोणी खोटा संकेत घुसवला, तर डिफरन्शियल घटक आपोआप बाजूला होऊन दिशादर्शी (फॉल्ट कोणत्या बाजूला आहे हे ओळखणाऱ्या) अतिप्रवाह संरक्षणाकडे काम गेले पाहिजे. ही तजवीज आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी.

जुना_संरक्षणवाला

वरील गणित बरोबर आहे, पण मला मुळात प्रश्न पडतो की डिफरन्शियलच कशासाठी? दोन्ही टोकांना दिशादर्शी रिले बसवून त्यांच्यात केवळ होय-नाहीची देवाणघेवाण केली, तर नमुन्यांचा वेळ जुळवण्याची गरजच पडत नाही. दुव्यावरून एक बिट गेला तरी भागते. उच्च दाबाच्या वाहिन्यांवर वाहक लहरी आणि मायक्रोवेव्ह वापरून हे कित्येक दशके चालत आले आहे, त्यामुळे बिनतारी दुवा म्हणजे संरक्षणाला अगदीच नवखा पाहुणा नव्हे.

मात्र त्या बिटाचा अर्थ काय ठेवायचा, हे विचारपूर्वक ठरवावे. परवानगी पद्धतीत समोरच्या टोकाकडून संमती आली तरच झटपट ट्रिप होते. संदेश हरवला, तर फॉल्ट दूर होतोच, फक्त राखीव वेळेनंतर. रोधक पद्धतीत समोरचे टोक फॉल्ट आपल्या पाठीमागे असल्याचे पाहून ‘थांबा’ असा संदेश पाठवते. तो हरवला, तर निरोगी भागही बंद पडतो. ज्या दुव्यावर संदेश हरवणे गृहीतच धरायचे, त्यावर मी परवानगी पद्धत निवडेन.

आपल्या बाबतीत एक अडचण येईल. सौर प्रकल्पाचे इन्व्हर्टर फॉल्टच्या वेळी आपल्या निर्धारित प्रवाहाच्या साधारण १.१ ते १.५ पटच प्रवाह देतात, त्यामुळे सौर टोकाच्या रिलेला फॉल्ट जाणवणारच नाही, अशी शक्यता मोठी आहे. जाणवला नाही तर तो संमतीही देणार नाही. यासाठी दुर्बळ टोकाचे प्रतिध्वनी तर्क वापरतात: त्या टोकाने पाठीमागे फॉल्ट पाहिलेला नसेल आणि व्होल्टेज पडलेले असेल, तर आलेली संमती त्याने तशीच परत पाठवावी. यात संदेश दोनदा प्रवास करतो, म्हणून विलंबाचा हिशेबही दुप्पट धरावा.

जाळे_निरीक्षक

एक तांत्रिक खुलासा. आयईसी ६१८५० या उपकेंद्र-संवादाच्या मानकातील गूस संदेश (रिले एकमेकांना पाठवतात ते झटपट संदेश) राउटर ओलांडत नाहीत आणि मोबाइल जाळे तर आयपीवरच चालते. त्यामुळे एकतर ते संदेश बोगद्यातून (आयपी संदेशात गुंडाळून) न्यावे लागतील किंवा आयईसी ६१८५०-९०-५ प्रमाणे राउटर ओलांडू शकणारे गूस वापरावे लागतील. ५जीच्या जाहिरातीतील १ मिलिसेकंदावर विसंबू नये. आयएमटी-२०२० च्या (५जीच्या आंतरराष्ट्रीय) निकषात तो आकडा ३२ बाइटच्या छोट्या संदेशासाठी आणि केवळ रेडिओच्या टप्प्यापुरता आहे. गूस संदेश त्याहून बराच मोठा असतो, आणि पुढचा प्रवास वेगळाच.

विद्युत_जिज्ञासू

परवानगी पद्धत आणि प्रतिध्वनी तर्क हा मार्ग मला पटतो. पण कोणी मुद्दाम रेडिओत अडथळा आणला तर? संदेशांना सांकेतिक कुलूप लावून हे टळेल का?

रिले_कक्ष

नाही. आयईसी ६२३५१ या सुरक्षा मानकाप्रमाणे संदेशांची सत्यता पडताळता येते आणि खोटा ट्रिप संदेश रोखता येतो, म्हणून ते हवेच. परंतु गोंगाट करून दुवा बंद पाडणाऱ्याला कोणतीही किल्ली लागत नाही. तिथे ठरावीक अंतराने येणारा गूस संदेश थांबताच रिलेने इशारा द्यावा आणि स्थानिक संरक्षणाचे वेगवान सेटिंग लागू करावे, एवढेच हाती असते. त्यात मेळ थोडा ढासळेल, तो पत्करावा. शिवाय दुवा तुटायला शत्रूच लागतो असेही नाही. मनोऱ्याचा वीजपुरवठा याच वाहिनीवरून असेल, तर ज्या फॉल्टसाठी दुवा हवा, त्याच फॉल्टमध्ये मनोऱ्याचे व्होल्टेज कोसळेल. बॅटरी आहे का, आणि ती क्षणभरही खंड न पडू देता भार उचलते का, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

आणि ती पिंगची चाचणी पुन्हा करावी. दर सेकंदाला पिंग पाठवत राहिल्याने मोडेमचा रेडिओ जागाच राहतो. संरक्षणाचा खरा संदेश बराच वेळ शांतता असताना अचानक निघाला, तर मोडेमला आधी झोपेतून उठून जोडणी करावी लागते. गूसचे नियमित संदेश चालू ठेवून, त्याच आकाराच्या संदेशांनी, दोन्ही टोकांना उपग्रह घड्याळे लावून एकेरी विलंब काही आठवडे नोंदवावा, त्यात वादळी पावसाचे दिवसही यावेत. सरासरी बाजूला ठेवून दहा हजारांतला सर्वांत उशिरा आलेला संदेश आणि सलग हरवलेल्या संदेशांची संख्या पाहावी. तोवर ब्रेकरच्या ट्रिप कॉइलची तार जोडू नये. रिलेने फक्त नोंद करावी.