विखुरलेल्या इस्राएलाला गोळा करण्याची वचनं : चार बैठकांत कशी घ्यावीत?

सदरचा_वाचक
सर्वांना सलाम. नागपूरला सदर भागातल्या आमच्या मंडळीत मे महिन्यात तरुण संघाचा बायबल अभ्यास आहे. उन्हामुळे संध्याकाळी सात ते आठ, चार गुरुवार. विषय : देव विखुरलेल्या इस्राएलाला परत आणील ही वचनं. अडचण अशी की पहिल्याच दिवशी कोणीतरी 1948, म्हणजे आजच्या इस्राएल देशाची स्थापना, काढतं आणि सगळा तास बातम्यांत जातो. कोणते अध्याय, कोणत्या क्रमाने घ्यावेत? बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून लोक परत आले तेव्हाच सगळं पूर्ण झालं, असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

वैनगंगा
भाऊ, सुरुवात यशयापासून नको, अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) 30:1-10 पासून करा. पुढचे संदेष्टे ह्याच दहा वचनांवर उभे आहेत. त्यात क्रम स्पष्ट आहे : लोक परदेशात असतानाच मन वळवतील, देव त्यांना दिगंतापासूनही आणील, आणि सहाव्या वचनात तोच त्यांच्या अंतःकरणाची सुंता करील. देशात येणं आणि मन बदलणं एका दमात सांगितलंय. हे पहिल्या दिवशी पक्कं झालं की बातम्यांकडे गाडी वळत नाही.

त्याच दिवशी फळ्यावर सनावळी लिहा आणि चारही गुरुवारी पुसू नका. इ.स.पू. 722 उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पडली, 597 यहोयाखीन राजासोबत संदेष्टा यहेज्केलही बाबेलात गेला, 586 यरुशलेम पडलं, 538 पारसाचा राजा कोरेश याचं परत जाण्याचं फर्मान, 516 मंदिर पुन्हा उभं, 445 नहेम्या यरुशलेमेत आला, आणि इ.स. 70 मंदिराचा नाश. बरेचजण 722 गाळतात. मग यहेज्केल 37 मधल्या दोन काठ्या कळतच नाहीत. उत्तरेचं राज्य अश्शूराने नेलं, दक्षिणेचं बाबेलाने. एका काठीवर यहूदाचं नाव, दुसरीवर योसेफाचं म्हणजे एफ्राईमचं, आणि दोन्ही संदेष्ट्याच्या हातात एक होतात.

दुसरी बैठक पूर्ण यहेज्केल 36:16 ते 37:28 ला द्या. तुकडे पाडू नका. 36:22 मोठ्याने वाचून घ्या : देव हे इस्राएलासाठी नाही, स्वतःच्या पवित्र नावासाठी करतोय. मग 24 ते 28 : गोळा करणं, शुद्ध पाणी शिंपडणं, नवं हृदय, आपला आत्मा घालणं. अस्थींच्या खोऱ्यात 37:8 वर थांबा. स्नायू आले, मांस चढलं, वर कातडी आली, पण श्वास नाही. श्वास दहाव्या वचनात येतो. ह्या दोन वचनांमधली जागा मुलांना दिसली पाहिजे, अख्ख्या अध्यायाचा जीव तिथे आहे.

पोथीवाचक
"पूर्ण झालं" ह्या प्रश्नाला उत्तर जखऱ्या 8 मध्येच आहे. एज्रा 2:64 प्रमाणे 42,360 लोक आले, दासदासी वेगळे. तो भाग खरोखर पूर्ण झाला, तसं ठामपणे सांगा. पण जखऱ्या 7:1 ची तारीख पारसाचा राजा दारयावेश याच्या चौथ्या वर्षाची आहे, म्हणजे इ.स.पू. 518. लोक येऊन वीस वर्षं झाली, तरी 8:7-8 मध्ये देव पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून माणसं आणायचं वचन देतोय. त्याच्या आधीचं चित्र फार गोड आहे : चौकांत काठी टेकून बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि गल्लीत खेळणारी पोरं. पुढे नहेम्या 1:8-9 मध्ये अनुवादातलं तेच वचन धरून प्रार्थना करतो. ते संपलं असतं तर त्याने ते धरलं नसतं.

एक चूक हमखास होते. यशया 11:11 मधली "दुसरी वेळ" म्हणजे 1948 असं शिकवतात. सोळावं वचन वाचा, पहिली वेळ तिथेच दिलीय : मिसरातून (इजिप्तमधून) सुटका. अकराव्या वचनातल्या देशांचा नकाशा मात्र जरूर लावा. एलाम म्हणजे आजच्या इराणचा नैर्ऋत्य भाग, हमाथ सीरियात, कूश मिसराच्या दक्षिणेला.

बाबेलाच्या सत्तर वर्षांचाही (यिर्मया 25:11-12, 29:10) एकच हिशेब देऊ नका. 586 ते 516 बरोबर बसतो. 605 पासून, म्हणजे बाबेलाचा वरचष्मा सुरू झाला तेव्हापासून, 538 पर्यंत मोजलं तर तीनेक वर्षं कमी पडतात.

सदरचा_वाचक
फार उपयोगी, दोघांचे आभार. मग नवा करार कुठे? आणि बेने इस्राएलांबद्दल (आपल्याकडचा मराठी बोलणारा ज्यू समाज) कोणी विचारलं तर?

वैनगंगा
तिसऱ्या गुरुवारी यिर्मया 31 आणि जखऱ्या 8, चौथ्याला नवा करार. यिर्मया 31:31-34 इब्री 8 मध्ये ख्रिस्ताच्या कराराला लावलंय. होशेय 1:10 आणि 2:23 ही वचनं पौल रोमकरांस 9:25-26 मध्ये परराष्ट्रीयांनाही लावतो. त्यामुळे हे सगळं मंडळीतच पूर्ण होतं असं मानणारे आहेत, आणि त्यांचा आधार वचनातलाच आहे. पण तोच पौल 11:25-29 मध्ये इस्राएलाचं पाचारण रद्द झालेलं नाही म्हणतो. दोन्ही वाचून घ्या, एक बाजू लपवू नका. माझं मत अकराव्या अध्यायाकडे झुकतं. 1948 विषयी काही शिक्षक म्हणतात की आज आपण यहेज्केल 37:8 च्या टप्प्यावर आहोत, म्हणजे शरीर आलं पण श्वास नाही. हे त्यांचं वाचन आहे, वचनात सन दिलेला नाही, एवढं सांगून पुढे चला.

बेने इस्राएल कोकणातले, तिथे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं ही त्यांची परंपरा. ते दहा हरवलेल्या वंशांपैकीच (अश्शूराने नेलेल्या उत्तरेच्या राज्यातले) आहेत असं ठामपणे सांगू नका. 1948 नंतर त्यातले बहुतेक इस्राएलला गेले. दोन मिनिटांत सांगून होतं, आणि रोमकरांस 9 ते 11 सलग वाचायला वीस मिनिटं राखून ठेवा.